बाळाची हगवण आणि डब्यातली साखर

गळीत हंगाम सुरू झाला की या पानांवर तोड, टनेज, उतारा आणि खोडव्याची निगा यांचीच भाषा चालते. सभासदांचा पैसा त्यात अडकलेला असतो, तेव्हा ते रास्तच आहे. परंतु या अंकात थोडी जागा आम्ही एका चौदा महिन्यांच्या मुलासाठी मागून घेतली आहे. हे मूल आपल्याच एका सभासदाचे. घरच्यांनी सारे मोकळेपणाने सांगितले, मात्र नाव छापू नका म्हणाले, म्हणून गावाचे नावही आम्ही लिहीत नाही.

गोष्ट गेल्या हंगामातली, ऐन थंडीतली. या सभासदाच्या दोन एकर खोडव्याला त्याच दिवशी तोड मिळाली होती. आलेली टोळी एकदा का दुसऱ्या फडात गेली की पुन्हा कधी फिरकेल याचा भरवसा नाही, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. घरधनी पहाटेच फडात गेलेले. इकडे सहाच्या सुमारास पोराने दोन उलट्या केल्या आणि मग हगवण लागली ती पाण्यासारखी. दुपारपर्यंत सात वेळा झाली. लंगोट धुऊन धुऊन आईच्या हाताला आराम म्हणून नाही.

घरधनी भाकरीला आले तेव्हा सोप्यात चार माणसे बसली होती आणि चौघांची चार मते.

आजीचे म्हणणे, "दात यायला लागल्यात. काय खायला-प्यायला देऊ नगा. आतडं मोकळं झालं की आपसूक थांबतंय. जायफळ उगाळून देते मी." चुलते म्हणाले, "तालुक्याला न्या आन् एक बाटली चढवून आणा. दोन तासांत पोरगं खेळायला लागतंय का न्हाय बघा." शेजारच्या घरातून मागल्या महिन्यात आणलेल्या अँटिबायोटिक औषधाची अर्धी बाटली आली. खुद्द घरधन्यांनी येताना वाटेवरच्या दुकानातून हगवण 'बांधणारे' औषध आणले होते. पोराच्या आईजवळ आशाताईने दिलेली जलसंजीवनीची दोन पाकिटे आणि झिंकच्या गोळ्यांची एक पट्टी होती. तिने ती देव्हाऱ्याशेजारी ठेवली होती. तिला कोणी विचारले नाही. सुनेचे मत आपल्याकडे सगळ्यांत शेवटी विचारले जाते, तसेच झाले.

ही चार मते आम्हांला महत्त्वाची वाटतात, कारण थोड्याफार फरकाने ती कार्यक्षेत्रातल्या प्रत्येक घरात आहेत. प्रत्येक मतामागे मुलाविषयीची कळकळच आहे. पण या पर्यायांतले दोन निरुपयोगी आहेत, एक बरेचदा अनावश्यक आहे आणि एक घातकही ठरू शकतो. म्हणून जरा बारकाईने पाहू.

लहान मुलांची पाण्यासारखी हगवण बहुतेक वेळा विषाणूंमुळे होते. त्यांत रोटा नावाचा विषाणू प्रमुख, आणि आपल्याकडे त्याचा जोर थंडीतच जास्त. विषाणूवर अँटिबायोटिकची मात्रा चालत नाही. उलट आतड्यातले उपयोगी जंतू त्याने मरतात आणि हगवण वाढूही शकते. जुलाबात रक्त पडू लागले तर गोष्ट वेगळी. तो आमांश, त्याला अँटिबायोटिक लागते, पण ते डॉक्टरांनी तपासून दिलेले. शेजारची अर्धी बाटली म्हणजे दुसऱ्याच्या रानाची माती तपासून आपल्या रानाला खत टाकण्यासारखे आहे.

'बांधणारे' औषध हा घातक प्रकार. मोठ्या माणसाची हगवण थांबवणारी काही औषधे आतड्याची हालचालच बंद करतात. तान्ह्या व रांगत्या मुलाला ती देऊ नयेत. पोट फुगते, मूल गुंगीत जाते, आणि आत साचलेले पाणी दिसत नाही एवढेच. अंगातून ते गेलेलेच असते. दुकानदाराने सहज काढून दिले म्हणून ते साधे औषध ठरत नाही.

आजींच्या बोलण्यात चूक आणि बरोबर दोन्ही आहे. दातांमुळे हगवण लागत नाही. दात येतात त्याच वयात मूल रांगू लागते आणि हाताला लागेल ते तोंडात घालते, त्यातून जंतू पोटात जातात. जायफळ जास्त उगाळले गेले तर मूल सुस्तावते, आणि मग ते जायफळाने सुस्त आहे की पाणी कमी पडल्याने, हे ओळखण्याची सोय उरत नाही. उपाशी ठेवणे तर साफ चूक. परंतु याच आजी पूर्वी हगवणीत मीठ घातलेली भाताची पेज आणि ताक देत असत, असे त्यांनीच आम्हांला सांगितले. ती पेज आणि ते ताक आजचे डॉक्टरही मोडीत काढत नाहीत.

राहिले सलाईन. सलाईनची महती आपल्या भागात इतकी झाली आहे की बाटली चढली नाही तर उपचारच झाला नाही असे वाटते. सलाईन म्हणजे शेवटी मीठपाणी. मूल बेशुद्ध असेल, पिऊ शकत नसेल, पाणी फारच कमी झाले असेल, तर ती बाटली जीव वाचवते आणि तिथे एक मिनिटही दवडू नये. पण जे मूल वाटीने पिऊ शकते त्याला तेच काम तोंडाने होते. लहानग्या हातावर शीर शोधताना चार ठिकाणी टोचायचे, पोराने किंचाळायचे, खर्च आणि जाण्यायेण्याचा वेळ वेगळाच. ही खटपट तिथे कशासाठी?

आता मूळ मुद्द्यावर येतो. हगवणीत मूल दगावते ते हगवणीने नव्हे, अंगातले पाणी आणि मीठ गेल्याने. दहा किलो वजनाच्या मुलाच्या अंगातून अर्धा लिटर पाणी गेले की लक्षणे दिसू लागतात, एक लिटर गेले की जिवावर बेतते. एक लिटर म्हणजे आपल्या दुधाच्या किटलीतले एक माप! मोठ्या माणसाला जे किरकोळ, ते या वयात एका दिवसात गंभीर होऊ शकते. फुटलेल्या पाटाचे भगदाड बुजवायला वेळ लागणार असेल तर तोवर वरून पाणी सोडत राहावे लागते, नाहीतर उभे पीक वाळते. भगदाड आतडे स्वतःच बुजवते, बहुधा पाच ते सात दिवसांत. तोवर पाणी तुटू द्यायचे नाही, एवढेच आपले काम.

नुसते पाणी पाजले तर? ते पुरत नाही. इथे साखरेचा संबंध येतो आणि म्हणूनच हा विषय आमच्या या पानांत शोभतो असे आम्हांला वाटते. हगवणीत आतड्याच्या अस्तराला मीठ ओढून घेणे एरवीसारखे जमत नाही. पण एक दार उघडे राहते. त्या दारातून ग्लुकोजचा एक कण आत जाताना मिठातल्या सोडियमचे दोन कण बरोबर घेऊन जातो आणि त्यांच्यामागे पाणी आत शिरते. ग्लुकोज नसेल तर ते दार उघडत नाही. मीठ नसेल तरीही नाही. आतड्यातली ही जोडगोळी रॉबर्ट क्रेन या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९६० साली मांडली.

आता कोणी विचारील, आपली साखर म्हणजे ग्लुकोज नव्हे, मग? शेती खात्याचे लोक दरवर्षी बजावून सांगतात की तोडलेला ऊस वेळेत गव्हाणीत पडला पाहिजे, शिळा झाला की उतारा घसरतो. का घसरतो? उसातली साखर फुटून तिचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होते आणि त्याचे दाणे पडत नाहीत. जी फूट कारखान्यात आपल्याला तोट्यात घालते, तीच फूट बाळाच्या आतड्यात आपोआप होते आणि तिथे ती हवी असते. त्यातल्या ग्लुकोजने वरचे दार उघडते. म्हणजे डब्यातली साखर चालते. अडीअडचणीला गूळही चालतो.

गुळाचे उदाहरण आमच्या पदरचे नाही. १९७१ साली पूर्व पाकिस्तानातून लक्षावधी निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले आणि छावण्यांत पटकी सुरू झाली. बनगाव येथे डॉ. दिलीप महालनाबीस काम करत होते. दवाखान्याच्या फरशीवरसुद्धा रोगी पडलेले, आणि सलाईनच्या बाटल्या संपत आलेल्या. तेव्हा त्यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा यांच्या मापून केलेल्या पिशव्या कलकत्त्याहून आणवल्या, ड्रममध्ये पाण्यात कालवल्या आणि रोग्यांच्या नातेवाईकांच्या हाती पेले दिले. जिथे शंभरात तीसच्या आसपास माणसे दगावत होती, तिथे हे प्रमाण चारच्याही खाली आले. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने ही रीत उचलली. महालनाबीस २०२२ मध्ये वारले. २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण देण्यात आले. हयातीत त्यांचे नाव किती घरांत ठाऊक होते, हा प्रश्न मात्र आम्हांला सलतो.

बांगलादेशातल्या ब्रॅक या संस्थेने १९८० ते १९९० या दहा वर्षांत घरोघर बायका पाठवून एक कोटीहून अधिक घरांत हे पाणी करायला शिकवले, आणि तेथे साखर महाग म्हणून मूठभर गूळ व तीन बोटांची चिमूट मीठ असे माप ठरवले. शिकवणाऱ्या बाईचा पगार किती घरे झाली यावर नव्हता. नंतर जाऊन तपासायचे, आईला किती आठवते, त्यावर होता. आमच्या मते ही युक्ती आपल्या ऊसविकासाच्या कार्यक्रमालाही लावून पाहण्याजोगी आहे. असो.

त्या घरी शेवटी काय झाले ते सांगतो. चार मतांत दुपार निघून गेली. मग आईने कोणाला न विचारता पाकीट फोडले. पहिलीच चूक तिथे झाली. आजीने पाकीट तांब्यात ओतले. तांब्यात पाणी पाऊण लिटरही नसेल. मोठे पाकीट एक लिटरचे असते, त्यात साडेवीस ग्रॅम पूड असते आणि ती पुरी एक लिटर पाण्यातच विरघळवायची. पाणी कमी पडले तर ते पाणी खारट आणि जड होते, आणि जड पाणी आतड्यात उलट अंगातलेच पाणी ओढून आणते. आईला आशाताईचे बोलणे आठवले. तिने ते ओतून दिले आणि पाण्याची एक लिटरची रिकामी बाटली माप म्हणून घेतली. लहान पाकिटे २०० मिलिलिटरचीही येतात, तेव्हा पाकिटावरचा आकडा वाचूनच पाणी घ्यावे. थोडी पूड वाटीत, थोडी नंतर, असे कदापि करू नये.

दुसरी अडचण उलटीची. दोन चमचे पाजले की पोर बाहेर टाकी. चुलते म्हणाले, "बघा, पोटात ठरत न्हाय, आता तरी बाटली चढवा." इथेच बहुतेक घरे हार खातात. उलटी झाली की दहा मिनिटे थांबायचे आणि मग एकेक चमचा, मिनिट-दोन मिनिटांनी, घाई न करता. ठिबकची नळी जशी चालते तशी ही गत. त्या आईने चार तास चमचा सोडला नाही. मध्ये मध्ये अंगावर पाजले. अंगावरचे दूध हगवणीत कधीच तोडायचे नाही.

रात्री आठला पोराने लघवी केली. आई सांगते, "लंगोट ओला बघितला आन् माझं मला रडू आलं."

दुसऱ्या दिवशी हगवण चालूच. घरधन्यांचा धीर सुटला. "पाणी पाजतोय तर जास्तच होतंय," म्हणाले. हा गैरसमज सार्वत्रिक आहे. जलसंजीवनीने हगवण लगेच थांबत नाही, तिचे ते काम नव्हे. ती मुलाला पाणीदार ठेवते. त्यांनी पोराला प्राथमिक आरोग्य केंद्रात नेले, आणि हे त्यांनी योग्यच केले. तेथील डॉक्टरांनी पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडली, ती झटकन मागे गेली. रडताना डोळ्यांतून पाणी आले, जीभ ओली होती, पोर वाटीकडे झेपावत होते. डॉक्टर म्हणाले, सलाईनची गरज नाही, चालले आहे तेच चालू द्या. चुलते जरा हिरमुसले.

प्रत्येक पातळ जुलाबानंतर दोन वर्षांच्या आतल्या मुलाला पन्नास ते शंभर मिलिलिटर, म्हणजे चहाचा अर्धा ते एक लहान कप, आणि त्यापुढच्या मुलाला शंभर ते दोनशे मिलिलिटर पाणी द्यावे. केलेले पाणी चोवीस तासांनी ओतून टाकावे. खाणे चालू ठेवावे: मऊ भात, मुगाचे वरण, ताक, केळे. झिंकची वीस मिलिग्रॅमची गोळी रोज एक, चमचाभर पाण्यात किंवा अंगावरच्या दुधात विरघळवून, चौदा दिवस. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला अर्धी. तिसऱ्या-चौथ्या दिवशी हगवण थांबली की गोळी बंद करायची आपली खोड असते. तसे करू नये. तिने आतड्याचे अस्तर भरून येते आणि पुढचे दोन-तीन महिने हगवणीची खेप कमी येते. पाकीट आणि गोळ्या दोन्ही आशाताईंकडे व आरोग्य केंद्रात फुकट मिळतात.

पाकीट हाताशी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट सहा लहान चमचे साखर आणि सपाट अर्धा लहान चमचा मीठ. चाखून पाहावे, आसवांपेक्षा खारट लागू नये. मिठाने चूक झाली तर ती जबर असते, म्हणून मीठ आधी घालून चाखावे, साखर नंतर. पोराला गोड आवडते म्हणून साखरेचा हात सैल सोडू नये. साखर आपल्या कारखान्याची असली तरी, जास्त झाली की तीच हगवण वाढवते. याच कारणाने बाटलीतले थंड पेय, डब्यातला फळांचा रस, गोड चहा देऊ नये. दुकानात जलसंजीवनीसारख्या नावाची आणि वेष्टनाची गोड पेयेही मिळत आली आहेत. अशा पेयांवर ओआरएस हे नाव घालण्यास केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली. तेव्हा घेताना जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचे पाकीट असे लिहिलेले आहे का ते पाहूनच घ्यावे. पाकिटात पोटॅशियम आणि सायट्रेटही असते, ते घरच्या पाण्यात नसते. पाकीट मिळेपर्यंतची तजवीज म्हणूनच घरचे पाणी.

आणि मूल सुस्त पडले, हाका मारल्या तरी डोळे उघडत नाही, डोळे खोल गेले, कातडी चिमटीतून हळू मागे जाते, सहा तासांत लघवी नाही, पाणी पीतच नाही किंवा प्यायलेले सगळे उलटते, जुलाबात रक्त दिसते, ताप चढतो, तर हा लेख बाजूला ठेवून गाडी काढावी. वाटेतही चमचा चालू ठेवावा. दोन महिन्यांच्या आतले बाळ आणि मुळातच अशक्त मूल यांच्या बाबतीत तर घरी वाट पाहूच नये. रोटाची लस २०१६ पासून देशाच्या लसीकरणात टप्प्याटप्प्याने आली. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना ती तोंडाने देतात. आपल्या नातवंडाच्या कार्डावर ती आहे का, हे आजच पाहून घ्या.

या पोराची हगवण पाचव्या दिवशी आवरली. पण गोष्ट तेवढ्यावर संपत नाही.

तिसऱ्या दिवशी घरधनी फडात असताना टोळीतली एक बाई उसाची मोळी खाली टाकून तशीच उभी राहिली. "मालक, आमच्या बी लेकराला कालपासून लागलंय. कोपीवर थोरलीकडं ठेवलंय." थोरली म्हणजे नऊ वर्षांची पोर! बाई घरी थांबली तर कोयता मोडतो, मुकादम खाडा धरतो, उचल फिटायची लांबते. कोपीत पिण्याचे पाणी एका प्लास्टिकच्या पिंपात, तेही कोणाच्या तरी मोटारीवरून भरून आणलेले. आपल्या घरात चार मते होती. तिच्याजवळ एकही पर्याय नव्हता. ती परगावची, म्हणून आशाताईच्या यादीत तिचे लेकरू नव्हते.

घरधन्यांनी आपल्या बायकोला फोन केला. उरलेले एक पाकीट, झिंकच्या गोळ्या, उकळलेल्या पाण्याचा हंडा आणि ती मापाची बाटली घेऊन ती कोपीवर गेली. बाईला तिने त्या दिवशी लेकराजवळच बसवले. खाड्याचे पैसे घरधन्यांनी मुकादमाला दिले. दुसऱ्या दिवशी पाकीट संपले तेव्हा सभासदांच्या सवलतीच्या साखरेतली किलोभर साखर तिला दिली आणि चमचा सपाट कसा करायचा ते दाखवले. आशाताईंना बोलावून टोळीतल्या सगळ्या लेकरांची नावे लिहून घेतली. सात निघाली. "हे माझ्या आधी ध्यानात यायला पायजे होतं," असे घरधनी आम्हांला म्हणाले. आम्ही गप्प राहिलो, कारण आमच्याही ध्यानात ते आले नव्हते. फडात जाऊन आम्ही वर्षानुवर्षे पाचट आणि खोडक्याची उंची तपासत आलो आहोत.

या हंगामात प्रत्येक गट ऑफिसात आणि चिटबॉयच्या पिशवीत जलसंजीवनीची दहा-दहा पाकिटे ठेवावीत, आणि टोळी उतरली की तिची यादी जशी शेती खात्याकडे जाते तशी लेकरांची यादी आरोग्य केंद्राकडे जावी, असे पत्र आम्ही कारखान्याच्या व्यवस्थापनाला दिले आहे. उत्तर आले की याच पानावर छापू. तोवर ज्यांच्या उसाला तोड आली आहे त्यांनी पाकिटे आपापल्या गावच्या आशाताईंकडून घेऊन ठेवावीत. दोन घरासाठी, दोन फडासाठी.